खालचा ड्रायव्हर

पागी तांडेलांनी गाडी लावली ती धक्क्याला बार्ज लावावी तशी,
आधी नाक, मग सावकाश शेपूट,
आणि उतरताना उजवा पाय हाताने उचलून बाहेर ठेवला.
'दर गुरुवारी कारवारला जातो, बाय.
माजाळीच्या पुढे या पायाला मुंग्या येतात.
स्पीड धरून ठेवतं ते यंत्र बसव.'

काणकोणला चार रस्त्यावर माझं दुकान.
पाठीखाली गोणपाट घेऊन मी पॅडलखाली शिरले.
त्यांना वाटलं होतं तिथे केबल असेल,
ग्रीस लावलेली, इंजिनापर्यंत ओढत गेलेली.
'केबल नाही, तांडेल. सहा वायरी आहेत.
तुम्ही पाय दाबता तेव्हा काही ओढलं जात नाही.
फक्त कळवलं जातं.'

बशीतला चहा संपवून ते म्हणाले,
'म्हणजे घंटा.'

शेळवणच्या धक्क्यावरून मुरगावपर्यंत
अठ्ठावीस वर्षं सुकाणू त्यांच्या हातात,
इंजिन मात्र कायतानच्या.
तो खाली, तेलात, धुरात, लुंगीवर.
वरून दोरी ओढायची.
एक टोल, पुढे. दोन, थांब. तीन, मागे.
'आणि घंटा अर्धवट वाजली
तर तो काही करायचा नाही. खालून ओरडायचा, परत!'

हेही तसंच, मी सांगितलं.
पॅडल एकच गोष्ट दोनदा बोलतं,
एकदा पूर्ण आवाजात, एकदा बरोबर निम्म्या.
दोन्ही जुळलं नाही तर कॉम्प्युटर कुणाचंच ऐकत नाही,
गाडी लंगडत घरी नेतो.
आता या दोघांच्या मध्ये मी तिसरा बसवतेय.
पाय नसेल तेव्हा तो पायासारखा बोलेल,
दोन्ही आवाजांत.

सॉकेट बसलं. स्टिअरिंगखाली कांडी बसली.
स्पीडची वायर मिळाली, ब्रेकची मिळाली.
आणि यंत्र काही केल्या वेग धरेना.
लाल दिवा म्हणत राहिला, ब्रेक दाबलाय.
ब्रेक कुणी दाबला नव्हता.

दीड वाजला. माझं जेवण झाकलेलंच राहिलं.
सगळं दोनदा सोडवलं, दोनदा जोडलं,
तेव्हा मागे जाऊन बघितलं:
भाच्याने हौसेने एलईडी बसवलेले.
जुना तारेचा बल्ब विझलेला असतो
तेव्हाही त्याच्या तारेतून जमिनीशी वाट उघडी असते.
यंत्र त्या वाटेने चाचपतं, जमीन लागली की निर्धास्त होतं.
एलईडी विझला की विझला.
पलीकडे काहीच नाही.
मी डब्यातून वीस रुपयांचा बल्ब काढला
आणि भाच्याची हौस खिशात टाकली.

बायपासला लागलो. साठ, सत्तर.
बटण दाबा, म्हटलं. पाय काढा.
पाय काढला खरा,
पण त्याला जायला जागा सापडेना.
पॅडलच्या वर चार बोटं अधांतरी राहिला,
मग मॅटवर टेकला, टाच आधी, पाहुण्यासारखा.

तळपणच्या पुलावर रस्ता चढतो.
इंजिनाने आपणहून थोडा दम घेतला. सत्तर. सत्तरच.
'चढ कळला त्याला?'
'चढ नाही कळत. वेग पडतो तेवढा कळतो.'

खाली नदी समुद्राला मिळत होती, भरतीचं पाणी आत येत होतं.
तांडेलांनी तिकडे बघितलं नाही.
'कायतानला अशीच कळायची भरती,' म्हणाले, 'तळपायातून.
त्या भोकात खिडकी कुठली.
मी वरून एवढी नदी बघितली.
एकदाही सांगितलं नाही त्याला काय दिसतंय ते.
टोल द्यायचो नुसते.'

गालजीबागच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं,
पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि यंत्राने लगेच हात सोडला.
'बरोबर आहे,' मी म्हटलं, 'असंच व्हायला हवं.
परत लावायचं तर ते दुसरं बटण.'

कुत्रं गेलं. रस्ता मोकळा झाला.
त्यांनी बटणावर अंगठा ठेवला,
आणि दाबण्याआधी
दुसऱ्या हाताने डॅशबोर्डवर ठोकलं.
एकदा.